अंगणातली खोल दर्ज

परवा फोनवर तुम्ही दोघांनी पुन्हा तेच विचारलंत, की आजी, तू सहा महिने आमच्याकडे राहायला का येत नाहीस. मी नेहमीप्रमाणे गुडघ्यांचं नाव पुढे केलं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते इथेही दुखतात. खरं कारण फोनवर सांगण्याजोगं नव्हतं, आणि तुमची शाळेची बस यायची वेळ झाली होती. म्हणून लिहून पाठवते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनी मधले परिच्छेद गाळायचे नाहीत.

कारण आहे ते आपल्या मागच्या अंगणातली फरशी, आणि ती ज्यांची होती ते घरमालक, अण्णा. तुम्हाला ते थोडेफार आठवत असतील. बाबांची नोकरी बेळ्ळंदूरला, आणि घर मिळालं ते जे. पी. नगरमध्ये, अण्णांच्या वरच्या मजल्यावर. चिऊ, तेव्हा तू साडेतीन वर्षांची होतीस. तुला सहा पुरी व्हायच्या आत तुम्ही सगळे परदेशी गेलात. मला तो मजला एकटीला मोठा झाला, तेव्हा अण्णांनी खालच्या मागच्या दोन खोल्या मला दिल्या. दार उघडलं की समोर ते अंगण.

अंगण तसं मोठं नाही. इथल्या करड्या दगडाच्या लांबरुंद लाद्या रांगेने बसवलेल्या आहेत. दोन लाद्यांमधल्या फटीला गवंडी दर्ज म्हणतात. ती चुन्याने किंवा सिमेंटने भरावी लागते, नाहीतर तीत गवत उगवतं, मुंग्या घर करतात, पाणी मुरून लादी एका कोपऱ्याने खचते. भरलेला माल दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होऊन सुटतो. मग तो खरवडायचा आणि नवा भरायचा. गवंडी हे काम दोन दिवसांत करतो. अण्णांना ते जन्मभर पुरलं.

यशवंतपूरच्या बाजूला एका कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त झाल्यावरही अंगणात उतरताना कारखान्याचे कॅनव्हासचे बूट घालत आणि बारा वाजता, स्वयंपाकघर दहा पावलांवर असताना, डब्यातून जेवत. डबा अक्का भरत, म्हणजे त्यांच्या पत्नी. संक्रांत झाली की पेरूच्या झाडाजवळच्या कोपऱ्यातून काम सुरू व्हायचं. बसायला देवघरातला जुना पाट. हत्यारं म्हणजे एक छिन्नी, एक हातोडी, तारेचा ब्रश आणि माल दाबायला अक्कांचं झिजलेलं उलथणं. गवंड्याच्या थापीपेक्षा उलथण्याला जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दिवसाला एक फट. एखाद्या दिवशी अर्धी. शेवटच्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत पहिल्या कोपऱ्यातला माल सुटायला लागलेला असे, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे.

काम करताना ते बोलत नसत. आधी लादीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत आणि मान वाकडी करून ऐकत. "बोलतो का बघतो," म्हणायचे. भरीव लादीचा आवाज वेगळा, खालून पोकळ झालेलीचा वेगळा. प्रत्येक लादीचा आवाज त्यांना पाठ होता. मी पुण्यात एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि वर्गातली सगळी मुलं मला आवाजावरून ओळखू येत, तरी लाद्यांच्या बाबतीत हा दावा मला जरा जास्तच वाटला. मी एकदा त्यांना पाठमोरं बसवून तीन लाद्या ठोकल्या. तिन्ही त्यांनी बरोबर सांगितल्या आणि म्हणाले, "परीक्षा आयतु का, टीचरम्मा?" आयतु म्हणजे झालं. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड किती हे मोजणं मी लवकरच सोडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं होतं, "तुमची मराठी पेपरातली. आमची घरातली."

फट भरली की सात दिवस तिला पाणी. त्यासाठी एक पितळी झारी होती. "ओतायचं नाही, पाजायचं," असा दंडक होता. त्या सात दिवसांत अंगणात दोरी बांधून तिला जुन्या साड्यांच्या चिंध्या लटकवत, आणि दोरीच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. गॅस सिलिंडरवाल्याला ते फळीवरून चालायला लावत. एकदा सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी फळीवरूनच आत घेतलं.

"पडलो तर?" गुरुजींनी विचारलं.

"डावीकडे पडा. उजवीकडची ओली आहे," अण्णा म्हणाले.

हे सगळं मला तेव्हा गमतीचं वाटत नसे. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. दोन दिवसांच्या कामाला वर्षभर लावणारा माणूस दाराबाहेर पाट टाकून बसलेला बघून मी थकून जायची. पण माझा खरा त्रास वेगळाच होता. अण्णा सगळ्या फटी भरत नसत. बहुतेक फटी ते लाद्यांच्या सपाटीला आणून सोडत, पण काही तशाच ठेवत, अर्धं बोट खोल. त्या आतून नीट भरलेल्या असत, पण वर येत नसत. पावसात त्यांत पाणी साचे, पेरूची पानं अडकत, आणि रोज झाडताना माझा खराटा तिथेच अडे.

"अण्णा, या राहिल्या आहेत," मी दाखवायची.

"राहू द्या."

"का पण?"

"स्वल्प खोल असलेली बरी."

स्वल्प म्हणजे थोडी. अण्णांच्या तोंडी तो शब्द इतका असे, की तो त्यांनी एखाद्या प्रश्नाच्या उत्तरात वापरला तर तो प्रश्न संपला असं समजायचं. मी मनात म्हटलं, वय झालं, विसरतात.

आता अक्कांबद्दल सांगते. अक्कांना कमी दिसत होतं, आणि दरवर्षी आणखी कमी होत होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्हा सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. नक्की किती दिसतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या सांगत नसत. "दिसतं की," म्हणायच्या. मी कडक इस्त्रीची साडी नेसून समोर गेले की म्हणायच्या, "नवी काय, टीचरम्मा?" आणि मी खूश व्हायची. त्या सळसळ ऐकत होत्या हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची मुलगी बेळ्ळंदूरला अकराव्या मजल्यावर राहते. तिचं म्हणणं, दोघांनी तिच्याकडे जावं आणि हे घर बंद करावं. मुलगी वाईट नाही. दर रविवारी दोन तास रहदारीत बसून यायची, आणि आल्यावर आईच्या पायांकडे बघत बसायची. शेवटी अक्कांनी तिच्याशी करार केला. माझे कपडे मी धुते, मी वाळत घालते. स्वयंपाकघराच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत आणि तिथून दोरीपर्यंत मी कुणाचा हात न धरता जाते आहे, तोवर हा विषय काढायचा नाही. ज्या दिवशी हात धरावा लागेल, त्या दिवशी सामान बांध.

हे बोलणं माझ्यासमोर झालं. मुलगी "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. अण्णा उलथणं पुसत बसले होते.

तेव्हापासून मीही अक्का अंगणात निघाल्या की दारातून बघायची. अनवाणी, बादली डाव्या हातात, पाय फारसा न उचलता, घासत घासत जायच्या. मला वाटे, यांचेही गुडघे असणार. धुण्याच्या दगडाशी पोचायच्या, तिथून उजवीकडे वळायच्या, दोरीशी थांबायच्या. कधी चुकल्या नाहीत. मी मुलीला फोनवर सांगायची, उगीच काळजी करतेस, तुझ्या आईला चांगलं दिसतं.

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस हॉस्पिटल आणि पुढे आठ दिवस मुलीकडे विश्रांती. अक्काही मुलीकडे जाणार. गाडीत बसताना अण्णांनी मला झारी दाखवली आणि म्हणाले, पेरूपासून तिसरी फट कालच भरली आहे, तेवढी सांभाळा.

मी तिसरी सांभाळलीच, आणि वर आणखी एक केलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, पोटाला टाके, आता पाटावर वाकून बसणं संपलं. आपण त्यांना तयार अंगण द्यावं. मी मेस्त्रीला बोलावलं. इथे गवंड्याला मेस्त्री म्हणतात. तो चांगला माणूस होता, काम चोख होतं. जिथे जिथे माल सुटला होता तिथे त्याने खरवडून नवा भरला. खोल ठेवलेल्या फटींशी येऊन तो थांबला.

"अम्मा, ह्या मुद्दाम सोडल्यात वाटतं," तो हिंदीत म्हणाला. "कडा बघा, किती साफ केल्यात."

मी म्हटलं, "विसरल्या आहेत. भरा."

दोन दिवसांत काम झालं. बोट फिरवलं तर लादी कुठे संपते आणि फट कुठे सुरू होते ते कळू नये, इतकं सपाट. पुढचे सात दिवस मी स्वतः झारीने पाणी पाजलं, वहीत वेळा लिहून. खराटा पहिल्यांदाच न अडता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी फोटो काढून तुम्हाला पाठवले. बाबांनी अंगठा पाठवला.

ज्या दिवशी अण्णा-अक्का परत येणार होते त्या दिवशी सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल आला. तुमच्याकडे रात्रीचं जेवण चाललं होतं. मी हौसेने फोन फिरवून अंगण दाखवलं. चिऊ, तू घास तोंडात ठेवून म्हणालीस, "आजी, अक्काची वाट कुठे गेली?"

"कुठली वाट?"

"ती खोल खोल होती ना, ती. अक्का त्यात पायाचा अंगठा ठेवून चालायची. आम्हाला त्यात खडे टाकायला नाही म्हणायचे अण्णा."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. आम्ही पण डोळे मिटून जायचो की त्याच्यावरून. दोरीपर्यंत."

मी फोन बंद केला. तुम्हाला वाटलं असेल नेट गेलं. मी अंगणात उभी राहिले आणि मनातल्या मनात त्या खोल फटी जोडल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून सरळ एक. धुण्याच्या दगडाशी उजवीकडे. मग दोरीपर्यंत. तीन वर्षं मी रोज त्या झाडत होते. अण्णांनी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर अक्कांना किती दिसतं तेही सांगावं लागलं असतं. ते त्यांचं दोघांचं होतं. आणि दोन मुलं खेळता खेळता ते ओळखून बसली होती, हे त्या दोघांना बहुधा ठाऊक होतं.

गाडी साडेबारापर्यंत येणार होती. मी अण्णांची छिन्नी आणि हातोडी काढली, पाट घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. मेस्त्रीला फोन केला, तो दुसऱ्या कामावर होता. सिमेंट फुटेना. सात दिवस मीच त्याला पाणी पाजून पक्कं केलं होतं. दोन तासांत माझ्याकडून हातभर लांब फट मोकळी झाली. तीही वाकडी.

ते आले तेव्हा मी पाटावरच होते. उठता येईना. अण्णा काठी टेकत स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी आले. त्यांनी फरशी पाहिली, मग माझ्या हातातली छिन्नी पाहिली. त्यांच्यामागून अक्का आल्या, हातात दोन दिवसांचे कपडे असलेली बादली. बारा दिवस अकराव्या मजल्यावर काढून आलेल्या बाईला आल्या आल्या कपडे धुवायचे होते, हे तिच्या मुलीलाही समजत होतं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बघायलाच.

अक्कांनी चप्पल काढली आणि उजवा पाय खाली टेकवला. माझ्या हातभर फटीत अंगठा बसला. त्या एक पाऊल गेल्या. दुसरं गेल्या. मग फट संपली. त्यांचा अंगठा पुढे फिरला, डावीकडे फिरला, पुन्हा मागे आला. त्या थांबल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त बादलीचा हात किंचित वर झाला होता.

"अम्मा?" मुलगी म्हणाली.

"अरे, हे काय करून ठेवलंय," अण्णा एकदम मोठ्याने म्हणाले. "टीचरम्मा, मेस्त्री कुठला आणला तुम्ही? आतून पोकळ ठेवलं असणार सगळं. थांबा, बोलतो का बघतो."

आणि पोटाला टाके असलेला तो माणूस पुढे झाला आणि काठीने लादी ठोकली. मग पुढची. मग तिच्या पुढची. प्रत्येक लादीवर थांबून, मान वाकडी करून, कुरकुरत. "ही बरी आहे. ही जरा दबकी बोलते. ही बघा, ही खरी." अक्का त्या आवाजामागून निघाल्या. धुण्याच्या दगडाशी ठोकणं उजवीकडे वळलं, तशा अक्का वळल्या. पाय न घासता, जरा हळू. दोरीशी पोचल्यावर त्यांनी हात वर केला आणि दोरी धरली.

"काय म्हणतात लाद्या?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत," अण्णा म्हणाले. त्यांना दम लागला होता.

मुलगी चौकटीपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "अण्णा, डॉक्टरांनी चालायला कमी सांगितलंय," आणि आत चहा ठेवायला गेली. तिला कळलं का, हे मला आजही माहीत नाही. कळलं असेल तर तिने करार पाळला.

मी माफी मागायला गेले तर अण्णांनी हात हलवला. "बेडा, बेडा," म्हणजे नको नको. मग फरशीकडे बघून म्हणाले, "काम चांगलं झालंय, टीचरम्मा. तोच त्रास आहे. वाईट केलं असतं तर आपोआप निघालं असतं."

पुढचे दोन महिने ते खुर्चीवर आणि मी पाटावर. त्यांना वाकायची मनाई होती. ते काठीचं टोक टेकवून दाखवत आणि मी छिन्नी मारत. कडा तुटू द्यायची नाही, तळ खडबडीत ठेवायचा नाही, अंगठा घसरला पाहिजे, ठेचला नाही पाहिजे. "स्वल्प खोल. अजून स्वल्प. आता पुरे." इतकी वर्षं मी मुलांना 'पुन्हा लिहा' सांगत आले, आता ते मला सांगत होते. त्या दोन महिन्यांत अक्का रोज काठीच्या आवाजामागून गेल्या. रविवारी मुलगी आली की अण्णांना नेमक्या त्याच वेळी लाद्या तपासायच्या असत. मार्च संपता संपता वाट पुरी झाली. अक्का तिच्यावरून एकदा जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "वळणावर जरा वेगळं लागतं." अण्णा म्हणाले, "ते टीचरम्माचं अक्षर." त्या वळणाशी माझ्या हातून एक कपचा उडाला होता. तो तसाच आहे.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आजारी असे पडले नाहीत. जेवणाचा डबा पुढ्यात होता. मुलगी आली, चौदा दिवस राहिली, आणि पंधराव्या दिवशी तिने सामानाचा विषय काढला. अक्का उठल्या, अण्णांचा पंचा धुतला, दोरीवर वाळत घातला आणि परत येऊन बसल्या. हात कुणाचा धरला नाही. मुलगी रडली आणि रविवारी येते म्हणून गेली. अजून दर रविवारी येते.

आता फटी मी भरते. संक्रांत झाली की पेरूच्या झाडापासून. माझ्याने दिवसाला अर्धीही होत नाही. बाकीच्या फटी मेस्त्रीकडून करून घेता येतील, तो ओळखीचा झाला आहे. पण वाटेतला माल सुटला की तो तेवढाच, अर्धं बोट खाली भरावा लागतो, आणि ते त्याला जमत नाही. त्याचा हात सपाट करायच्या सवयीचा. मला आधी जमत नव्हतं, आता जमतं. उलथणं तेच आहे. मी सहा महिने तुमच्याकडे आले तर एक पावसाळा जाईल, दगडाजवळची लादी यंदाच एका कोपऱ्याने हलायला लागली होती, आणि अक्कांचा अंगठा मला काही विचारत नाही, तो सरळ पुढे जातो.

हे सगळं मी दोन दिवस लिहिते आहे. खूप दमायला होतं. आत्ता मागच्या दाराशी अक्का बादली घेऊन उभ्या आहेत. उजवा पाय उचललेला आहे, खाली टेकवलेला नाही.

"टीचरम्मा, दगडाजवळची वाळली का?"

"नाही. आज चौथा दिवस. तिथे पोचलात की डावीकडून जा."

"सरी," त्या म्हणाल्या आणि पाय टेकवला. मला झारी भरायची आहे.